राणीचं माप

सुनंदाचं लग्न होऊन ती असोद्याला सासरी गेली, ते साल १९८६. त्या लग्नात वरपक्षाच्या एका बाईने तिच्या धाकट्या बहिणीकडे, प्रमिलाकडे बोट दाखवून विचारलं होतं, "ही नवरीची आई का?" मांडवभर हशा पिकला. प्रमिलाही हसली, आणि मग धान्याच्या कोठीआड जाऊन पोटभर रडली.

ती अंगाने भरलेली, आवाजाने खणखणीत. सोनगीरहून एस.टी.ने धुळ्याला नाटकाच्या तालमींना यायची. तिच्या वाट्याला कायम खाष्ट सासू नाहीतर आत्याबाई. त्या हिवाळ्यात मात्र दिग्दर्शक चुडामणभाऊ एकाएकी म्हणाले, "या खेपेला राणी तू."

राणीची चोळी शिवायची म्हणून ती तालमीजवळच्या गल्लीतल्या एका दुकानात शिरली. तोंडात टाचण्या धरलेला एक तरुण शिंपी वळला, आणि दोघांची टक्करच झाली. तो अभिमन.

"मापाचं ब्लाउज?" त्याने विचारलं.

तिने पिशवीतून काढून दिलं. ते सुनंदाचं होतं. सुनंदा म्हणजे शेवग्याची शेंग!

त्याने ब्लाउजकडे पाहिलं, मग तिच्याकडे. "हे… तुमचंच ना?"

"मग काय शेजारणीचं आणू?"

"तसं नाही, म्हणजे—"

"म्हणजे काय?"

"म्हणजे राणीसाहेब म्हणतील तसं."

शिंप्याने मापाच्या ब्लाउजवर शंका घेतली, तर बाईमाणूस पुन्हा दुकानाची पायरी चढत नाही. अभिमनने मुकाट्याने कात्री चालवली. प्रमिला मात्र पायरी चढतच राहिली.

"काठ बघायला आले."

"कालच पाहिलात की."

"काल ऊन कमी होतं."

तो गालात हसायचा. "चोळी एकदा घालून बघा."

"बघते… नाटकाच्या दिवशी."

नाटकाच्या दिवशी व्हायचं तेच झालं. पडदा उघडायला थोडाच अवकाश, आणि चोळीची दोन टोकं एकमेकांचं तोंड बघेनात. प्रमिला रंगपटाच्या कोपऱ्यात मटकन बसली. "चुडामणभाऊ, दुसरी कुणी उभी करा. मला नाही जमायचं."

रंगपटाच्या पडद्याबाहेर, नाटक बघायला आलेला अभिमन उभा होता. "चूक माझी," तो म्हणाला.

"नाही… ते ब्लाउज बहिणीचं होतं."

मग पडद्याखालून मापाची टेप आत सरकली. "तुमची तुम्ही घ्या. आणि आकडा मोठ्याने सांगा."

"सगळे ऐकतील!"

"ऐकू द्या. आकडा सांगितलात तर राणी व्हाल. नाही सांगितलात तर घरी जाल."

तिने टेप छातीभोवती गुंडाळली. मांडवातलं ते हसू पुन्हा कानात घुमलं. तिने डोळे मिटले. "एक्केचाळीस!"

"एवढंच?" बाहेरून आवाज आला. "मी बेचाळीस धरलं होतं."

रडता रडता तिला हसू फुटलं. अभिमन धावला आणि सिंहासनावरची लाल मखमल ओढून आणली. चोळीचं कापडही त्याच गठ्ठ्यातलं होतं. चुडामणभाऊ किंचाळले, "अरे, सिंहासन उघडं पडलं!"

"राणी उघडी पडण्यापेक्षा बरं, भाऊ!" सुईत दोरा ओवत अभिमन म्हणाला. त्याने चोळीच्या दोन्ही बाजूंना मखमलीच्या पट्ट्या जोडल्या.

राणी आली ती थेट उघड्या लाकडी खुर्चीवर बसली. मागून कुणीतरी अहिराणीत ओरडलं, "राणी ते खातापिता घरनी शे!"

थिएटर हसलं. चुडामणभाऊंनी डोळे मिटून घेतले. प्रमिला सावकाश उभी राहिली, कमरेवर हात ठेवला आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "राज मनं शे! मंग मी उपाशी का ऱ्हाऊ?"

राज्य तिचं होतंच! टाळ्यांनी पत्रे थरथरले. आजचं हसू तिला टोचलं नाही. ते तिनेच मिळवलं होतं.

प्रयोगानंतर अभिमन चोळी पक्की शिवायला परत न्यायला आला. पण हात पुढे करेना.

"काय झालं, शिंपीदादा?"

"दादा नका म्हणू… बाकी काहीही म्हणा."

"काहीही?"

"लगेच नको. विचार करून म्हणा."

"विचार तर काठ बघायला येत होते तेव्हाच झाला होता," ती म्हणाली आणि मान फिरवून लाजली.

घरात बरीच धुसफूस झाली, पण पुढच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लग्न लागलं. दोन बाळंतपणांनंतर प्रमिला आणखी भरली, आणि नायिकेच्या भूमिकाही आणखी मिळाल्या. कुणी काही बोललं की ती त्याच्याआधी हसायची. अभिमन प्रत्येक प्रयोगाला पहिल्या रांगेत असायचा.

अभिमन २०११ च्या माघात गेला. प्रमिला २०१९ मध्ये, दिवाळीनंतर.