ओली पाटी

"थांबावं लागेल, डॉक्टर. रंग ओला आहे."

बाहेर पाऊस, आत टर्पेंटाइनचा वास, आणि स्टुलावर अवघडून बसलेली मी. माझ्या नव्या दातांच्या दवाखान्याची पाटी आणायला गेले होते. नाव रंगवण्याआधी हा पेंटर प्रत्येकाला त्याचा अर्थ विचारायचा आणि अर्थाप्रमाणे अक्षरांना वळण द्यायचा. मलाही फोनवर विचारलं होतं. मी म्हटलं होतं, वाट पाहणं.

"असं नाव कुणी ठेवलं?" ब्रश पुसत त्यानं विचारलं.

"आईनं. मी जन्मले तेव्हा बाबा बोटीवर होते. राग त्यांच्यावरचा, भोगतेय मी. आधी धाकटीचं शिक्षण, मग धाकटीचं लग्न… आई म्हणायची, ताई थांबेल, तिच्या नावातच आहे! आता दवाखान्यात लोक माझी वाट बघत बसतील. तेवढाच सूड."

तो खळखळून हसला. "मग उद्या मी येतो बसायला. दात दुखत नसला तरी चालेल ना?"

तो आला. रोज येत राहिला. शेवटचा पेशंट गेला की दारातून डोकावायचा — "नंबर लागला का माझा?" — आणि मी उगाच हातमोजे काढायला वेळ लावायची. कुणीतरी माझ्यासाठी थांबत होतं. त्या एवढ्याशा सुखावर मी वेड्यासारखी भाळले.

वर्षभरानं त्यानं दुकानात बोलावलं. टेबलावर एक पाटी होती, घराच्या दाराची. त्याचं नाव, खाली माझं. माझे डोळे भरून आले.

"परदेशात काम मिळालंय," तो म्हणाला. "तीन वर्षं. तोवर पाटी तुझ्याकडे ठेव."

"कधी ठरलं?"

"गेल्या महिन्यात. आईला विचारलं, घरमालकाला विचारलं…"

"आणि मला?"

"तुला काय विचारायचं?" तो लाडानं हसला. "तुझ्या तर नावातच आहे."

तेच शब्द. माझ्या आईचेच. याच्याही लेखी मी म्हणजे माझं नावच होते तर.

मी टर्पेंटाइनचं फडकं उचललं.

"अगं, रंग ओला आहे — थांब!"

माझं नाव एका फटक्यात पुसलं गेलं.

"एकदा विचारायचं होतंस रे," मी म्हटलं. "थांबले असते."

बाहेर पाऊस होता. तो ओसरायचीही वाट न पाहता मी निघाले.