डीची वायर काढलेली होती

म्हातारी माणसं भुताच्या गोष्टी मोठ्या रंगवून सांगतात. जित्या माणसांच्या विचारल्या, की त्यांना खोकला येतो.

ही गोष्ट रूपसिंग सांगतो. एसटीचा रिटायर ड्रायव्हर, घाटंजीजवळच्या तांड्यातला. रात्री लाइट गेली की पोरं-पोरी त्याच्या ओट्यावर जमतात. तो बिडी पेटवतो आणि म्हणतो, "मायासंग नाही घडलं बाप्पा, संघदीपसंग घडलं. पन संघदीप खोटं बोलनारा पोरगा नोहे."

तर संघदीप. पॉलिटेक्निक अर्ध्यात सोडून घाटंजीत बसस्टँडमागं कंप्युटर दुरुस्तीचं दुकान टाकून बसलेला. भुताबिताचं त्याच्या घरी चालत नसे. असल्या गप्पा निघाल्या की त्याची आई इंदूबाई सरळ म्हणायची, "बावीस प्रतिज्ञा घेतल्या आपन. आता भूत कायले घ्याचं?"

साल दोन हजार सतरा. त्या वर्षी कपाशी माणसाच्या डोक्यावर गेली होती आणि अळी तिच्याही वर. सर्वपित्री अमावस्या, मंगळवार. रूपसिंगच्या तांड्याचा प्रमुख, रामलाल नायक, याचा फोन आला, ओमचा कंप्युटर साफ करून दे. संघदीपनं पेनड्राइव्ह आणि पेचकस खिशात टाकला आणि दुकान बंद करून गाडी तांड्याकडं वळवली.

ओम म्हणजे डीजे ओम. संघदीपचा दोस्त. वरातीत गाणं ऐन रंगात आलं की तो मध्येच आपला आवाज सोडायचा, "आयकून राह्यले ना?" आणि थांबायचा. नाचणारे ओरडायचे, "हओ!" मग पुढचं यायचं, "डीजे ओम, घाटंजी!" एकदाच रेकॉर्ड करून ठेवलेलं, बटण दाबलं की वाजायचं.

पावसाळ्यात लग्नं नसतात. म्हणून ओम चुलत्याच्या, म्हणजे रामलालच्याच शेतात फवारणीला जायचा. पोळ्याच्या आठवड्यात तो फवारता फवारता धुऱ्यावर, बांधावरच, पडला. त्याला घरी आणून लिंबूपाणी पाजलं आणि रात्रभर तसंच ठेवलं. सकाळी यवतमाळला नेताना गाडीतच संपला. मग पंच बसले आणि ठरलं, पोरगा दारू पिऊन फवारत होता. दारूला ओमनं जन्मात हात लावला नव्हता. बेवड्यांच्या वराती वाजवून त्याला तिचा वास नकोसा झाला होता. पण शेत नायकाचं, औषध नायकाचं, शब्दही नायकाचा. पंचांनी माना हलवल्या.

त्या बैठकीत रूपसिंगही होता. हे तो गोष्टीत सांगत नाही.

ओमची आई हंसाबाई दारातच बसली होती. संघदीपची गाडी दिसली तशी उठली.

"बाबू, कंप्युटर पुसाले चालला ना? त्याचं ते बोलनं तेवढं ठेवजो. फोटो हाय मायाजवळ. आवाज नाही."

"ठेवतो मावशी. शब्द देतो."

ओम गेल्यावर रामलालनं उचलून नेलेला कंप्युटर त्याच्या कापसाच्या खोलीत मांडला होता. कापूस यायचा होता अजून. भिंतीशी डीजेचे बॉक्स रचलेले, त्यांच्या वायरी गुंडाळून वर ठेवलेल्या. रामलाल खुर्ची ओढून समोरच बसला.

"सी उडव, डी ठेव," तो म्हणाला. पोराकडून पाठ करून आला होता. "डीवर गानी हायत. परवा घट बसते. मंडळाची सुपारी घेतली आमच्या पोरानं."

कंप्युटरमध्ये दोन डिस्क होत्या. सीवरून मशीन सुरू व्हायचं, डीवर गाण्यांचा साठा. ओमचा आवाज मात्र सीवर होता.

"काका, सीवर एक फाइल हाय. एवढुशी. ते डीवर टाकून घेतो."

"काहून?"

"ओमचं बोलनं हाय. मावशीनं मांगितलं."

"तुले कोनं बलावलं? तिनं का म्या? मेलेल्याच्या आवाजावर कोन नाचंन? आता नाव बदलनार डीजेचं. साफ कर."

"एक मिनिट लागंन काका..."

"शिकला असता तं आज नोकरीवर असता. शिकला नाही, अन् मले शिकवून राह्यला!"

संघदीपनं मान खाली घातली. परक्या गावात, रात्रीच्या वेळी, नायकासमोर. आपल्याकडं पोरांना एवढंच धड शिकवलेलं असतं.

सी पुसायच्या आधी डीची वायर काढायची, हा त्याचा नेम होता. विंडोज टाकताना पडद्यावर सी, डी अशी नावं येत नाहीत, नुसते आकडे येतात. नजर चुकली की भलतीच डिस्क साफ. म्हणून त्यानं सीपीयू उघडला, डीच्या दोन्ही वायरी उपसल्या आणि डिस्क बाहेर काढून जुन्या पेपरवर ठेवली. मग सी पुसली.

ओमचा आवाज गेला. धूर नाही, ठिणगी नाही. पडद्यावर एक पट्टी भरत गेली, बस.

विंडोज चढत होती. अकरा वाजून गेले होते. रामलाल तंबाखूचा खर्रा चघळत होता.

तेवढ्यात घूं... असा आवाज सुरू झाला.

पंखा असेल, म्हणून संघदीपनं सीपीयूला कान लावला. तिथून येत नव्हता. पाठीवरच्या फवारणी पंपाचा येतो, तसा होता. एकसुरी. तो खाली वाकला.

पेपरवरची डिस्क फिरत होती.

वायर नव्हती. त्यानं बोट लावलं. चटका बसला.

मग भिंतीकडून...

"आयकून राह्यले ना?"

ओम.

पुढं नाव यायला हवं होतं. आलं नाही. आवाज थांबला. वरातीत थांबायचा तसा, उत्तरासाठी.

कुणी हओ म्हटलं नाही.

मग खोकला. ओला. छातीच्या तळातून.

"काका... डोयापुढं अंधार येऊन राह्यला..."

"दोन पंप राह्यले. मारून टाक. मंग जाय."

हा आवाज रामलालचा.

संघदीपनं समोर पाहिलं. रामलालचं तोंड बंद होतं. गालात खर्रा. जबडा हलत नव्हता.

"काका, हात कापून राह्यले..."

"मारून टाक."

घूं...

"आयकून राह्यले ना?"

...

...

डिस्क थांबली.

"काका," संघदीप म्हणाला. "आयकलं तुम्ही?"

"काय?"

"आत्ता... तुमचा..."

"मले काई आयकू आलं नाही."

खर्र्याचा ओघळ हनुवटीवरून सदऱ्यावर उतरत होता. पुसायला रामलालचा हात उठत नव्हता.

"गुंडाळ आता," तो म्हणाला. "अन् ते... ते घेऊन जाय."

"गानी हायत ना त्याच्यात. परवा घट..."

"घेऊन जाय म्हनलं ना!"

सी उडवायला निघालेल्या नायकाला डीकडं बघवेना.

संघदीपनं डिस्क आपल्या दुपट्ट्यात गुंडाळली. हंसाबाई अजून दारातच होती.

"मावशी, सीवरचं गेलं. शब्द नाही राखता आला मले." त्यानं गाठोडं तिच्या मांडीवर ठेवलं. "हे राह्यलं."

तिनं वर तळहात ठेवला. तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा. आणि काढलाच नाही.

इथं रूपसिंग बिडी विझवतो.

"मंग रामलाल कबूल झाला का?" पोरं विचारतात.

"तो आजबी नायक हाय."

"अन् काका, तुमी तं पंच होते ना तवा?" एकदा त्यातल्या नलूनं विचारलं. "ओम पेत नव्हता, हे तुमाले माहीत नव्हतं?"

रूपसिंगला खोकला आला. त्या रात्री तो बराच वेळ खोकत होता.

डिस्क हंसाबाईच्या देवळीत आहे. घरात आता कंप्युटर नाही. फवारणीचे दिवस आले की ती ज्या दुपट्ट्यात गुंडाळलेली असते, त्यावर डिस्कच्या मापाचा चौकोन करपून उमटतो. हंसाबाई दर साली दुपट्टा बदलते. जुने सगळे घडी घालून ठेवलेत तिनं. आलेल्या माणसाला ती ते उलगडून दाखवते, काळे चौकोन एकाखाली एक.

तांड्याच्या एकाही पंचानं ते अजून पाहिलेले नाहीत.