खालच्या गावाचा नकाशा

दुपारच्या उन्हात सगळं एन्कार्नासियोन गाव दारं लोटून निजलं होतं. डेर्लिस मात्र रिकामा थर्मास घेऊन बर्फ शोधत हिंडत होता. एकच दार उघडं दिसलं. तो आत डोकावला, तोच कुणीतरी मोठ्याने म्हणालं, "या, बसा! केस की दाढी?"

आत कुणीच नव्हतं.

"द… दाढी," तो चाचरला.

टेबलाखालून हसू फुटलं. मागोमाग विस्कटलेल्या केसांची एक मुलगी बाहेर आली. हातात पेचकस, गालाला धूळ.

"त्यांना उत्तर देऊ नका, ते कुणाचं ऐकत नाहीत. माझे बाबा आहेत. म्हणजे… होते."

तिचं नाव निमिया. टेबलावर लाकडी नकाशा होता, धरणाच्या पाण्याखाली गेलेल्या खालच्या गावाचा. प्रत्येक दुकानाच्या जागी तांब्याची पट्टी. पट्टीवर बोट ठेवलं की त्या दुकानदाराचा आवाज ऐकू यायचा. दारोदार फिरून निमियानेच ते आवाज गोळा केले होते. शनिवारी जुने शेजारी नकाशा बघायला येणार होते, आणि तिची आईही. बाबा गेल्यापासून आईने तो आवाज ऐकला नव्हता. आणि नेमका आता नकाशा कुणी हात न लावताच बडबडायला लागला होता. मधेच शिंपी, मधेच पाववाली, आणि बाबा तर सारखेच!

"आई दारात पाऊल टाकेल आणि हे असे ओरडतील…" निमियाने पेचकस टेबलावर ठेवला.

डेर्लिस तांत्रिक शाळेत इलेक्ट्रॉनिक्स शिकवायला नुकताच गावात आला होता. बर्फ विसरून तो टेबलाखाली शिरला.

दुसऱ्या दिवशी त्याने लॅपटॉप आणून नकाशाला जोडला. पडद्यावर प्रत्येक पट्टीचा एक आकडा उमटला.

"हात नसताना आकडा जागचा हलायला नको. बोट लागलं की झटकन उतरायला हवा. लावा बघू."

तिने बोट लावलं. आकडा उतरला, बाबा बोलले. बोट उचललं, सगळं शांत. अगदी हवं तसं! पण सामान आवरून डेर्लिस कोपऱ्यापर्यंत पोचतो न पोचतो, तोच निमिया धावत आली.

"परत सुरू झाले!"

मग रोज हेच. नदीकाठची दमट हवा असेल म्हणून त्याने लाकूड वाळवलं, एकमेकींना चिकटलेल्या तारा वेगळ्या केल्या. तो असेपर्यंत नकाशा गप्प. तो गेला की बडबड.

"तुम्ही असलात की कसा शहाण्यासारखा वागतो, मेला!"

"माझा धाक आहे त्याला."

"तुमचा? आमची मांजरसुद्धा भिणार नाही तुम्हाला."

काम करता करता तेरेरेचा, म्हणजे बर्फाच्या पाण्यात भिजवलेल्या कडवट पाल्याचा, पेला एकाच नळीने इकडून तिकडे फिरायचा. निमिया खालच्या गावाबद्दल सांगायची: स्टेशनावर चीजचे गरम चिपा-पाव विकणारी चिपावाली, बाजारातला ओल्या माशांचा वास, बाबांच्या दुकानातली साबणाची वाफ… डेर्लिसने त्यातलं काहीच पाहिलं नव्हतं. तरी तो असा ऐकायचा, जणू त्याचंच काहीतरी बुडालं होतं. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, ते दोघांनाही कळलं नाही.

शुक्रवारी निमियाचा पाय वायरीत अडकला आणि लॅपटॉपचा चार्जर भिंतीतून निघाला. लॅपटॉप चालूच होता, डेर्लिस समोरच बसला होता, तरी आकडे थयथय नाचायला लागले. तिने चार्जर लावला: शांत. काढला: नाच. मग तिने डेर्लिसकडे पाहिलं. त्याचे कान लाल झाले होते.

"म्हणजे… तुझा धाक नव्हताच. चार्जरचा होता."

"नकाशाच्या प्लगला अर्थिंग नाही. चार्जरला आहे. लॅपटॉपमधून ते नकाशाला मिळतं. मी निघालो की… तेही निघतं."

"कधी कळलं तुला हे?"

तो पेल्यातली नळी फिरवत राहिला. "मंगळवारी."

"मंगळवारी! उद्या आई येणार आहे, डेर्लिस!"

"अर्थिंगची तार आणलीय मी. मंगळवारपासून पिशवीतच आहे." त्याने हिरवी तार बाहेर काढली. "लावली असती तर… मला यायला कारणच उरलं नसतं."

"लाव आत्ताच. आणि चालता हो!"

त्याने मुकाट्याने तार जोडली, लॅपटॉप उचलला आणि निघून गेला. नकाशा गप्प राहिला.

शनिवारी आईने पट्टीवर बोट ठेवलं. ऐकलं. उचललं, पुन्हा ठेवलं. "घरी कधी इतकं गोड बोलला नाही हा माणूस," ती डोळे पुसत हसली. निमियाचं लक्ष मात्र दाराकडे होतं. रस्त्यापलीकडे डेर्लिस उभा होता. इस्त्रीचा शर्ट, हात रिकामे. ती बाहेर गेली.

"आत का नाही आलास?"

"आता काही बिघडलेलं नाही ना…"

ती चालू लागली, आणि तोही सोबत. नदीकाठी एका जागी ती थांबली. एरवी इथून जाताना ती मान फिरवून घ्यायची.

"इथे आमचं घर होतं," तिने पाण्याकडे बोट केलं. "हे फाटक. तिथे आंबा."

डेर्लिस पाण्याकडे बघत राहिला. मग कॉलर नीट करून त्याने टाळ्या वाजवल्या, कुणाच्याही फाटकाशी आल्यावर या गावात बेलऐवजी वाजवतात तशाच.

"अरे, लोक बघतायत!"

"निमिया आहे का घरी?" त्याने पाण्याला विचारलं.

तिला हसू आलं, आणि हसता हसता डोळे भरले.

"काय काम होतं?"

"काम काही नाही. उगाच आलोय."

निमियाने डोळे पुसले नाहीत. तिने नुसता हात पुढे केला.

"आहे घरी," ती म्हणाली. "ये ना आत."