दाबाचा काटा

विश्वासची गाडी पोलिसांकडून परत आली तेव्हा तिचा मागचा भाग पार चेपला होता. पुढचं मात्र काहीच मोडलं नव्हतं. पिपलानीतल्या क्वार्टरसमोर, कडुनिंबाखाली, ती हिवाळाभर उभी राहिली. एप्रिलमध्ये त्याचे वडील नीळकंठराव म्हणाले की आता विकून टाकू, पण भंगारात नाही, चालू करून. ते तिथल्या कारखान्यातून फोरमन म्हणून निवृत्त झाले होते. बंद पडलेलं यंत्र दारात बघवत नाही, एवढंच कारण त्यांनी दिलं.

त्यांची मुलगी प्रमिला हो म्हणाली. ती त्याच कारखान्यात टेस्टिंगला इंजिनीयर होती. मेकॅनिकने इंजिन उघडून जळालेला पिस्टन बदलला होता. राहिला होता तो पेट्रोलचा दाब सांभाळणारा रेग्युलेटर. तो मी बघते, असं तिनेच सांगितलं.

विश्वासने त्या साध्या गाडीला टर्बो बसवला होता. टर्बो इंजिनात हवा कोंबतो. हवेचा दाब वाढला की पेट्रोलचाही तेवढाच वाढावा लागतो, नाहीतर पेट्रोल कमी पडतं आणि पिस्टन जळतो. त्यासाठी एक रेग्युलेटर मिळतो. इंजिनात शिरणाऱ्या हवेचा दाब तो एका बारीक रबरी नळीतून ओळखतो आणि पेट्रोलचा दाब तसा वाढवतो. दुसरा साधा. तो दाब एका आकड्यावर धरून बसतो.

विश्वासने तिला फोन केला होता. "ताई, दोन्हीतला कुठला घेऊ? नळीवाल्याला वेळ लागेल. फटाफट सांग."

ती मीटिंगला निघाली होती. साधा चालेल, तू कुठे शर्यतीत उतरणार आहेस, असं म्हणून तिने फोन ठेवला.

मंडीदीपच्या रस्त्यावर एका ट्रकला मागे टाकताना इंजिन बसलं. मागून येणाऱ्या त्या ट्रकला थांबता आलं नाही. विश्वास जागीच गेला. भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला नीळकंठराव सांगत राहिले की पोराला वेगाची हौस होती, कुणाचं ऐकलं नाही. प्रमिला चहाचे कप गोळा करत राहिली.

या वेळी तिने घाई केली नाही. पंप किती पेट्रोल ढकलतो, जादा पेट्रोल टाकीत परत जायची वाट पुरेशी रुंद आहे का, सगळं मोजून नळीवाला रेग्युलेटर मागवला आणि रविवारी दुपारी बसवला. बाहेर लू वाहत होती. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. नीळकंठराव चावी फिरवायला शेजारच्या सीटवर बसले. स्टिअरिंगमागे बसायला ते तयार नव्हते.

इंजिन चालू न करता त्यांनी नुसता पंप चालू केला. रेग्युलेटरवरचा दाबाचा काटा तीनवर येऊन थांबला. नळीचं दुसरं टोक अजून मोकळं होतं. ते तोंडात धरून प्रमिलाने फुंकर मारली. काटा किंचित वर सरकला. रेग्युलेटर बरोबर होता.

"बाबा," ती बॉनेटमागून म्हणाली, "तेव्हाचा पार्ट मी सांगितला होता."

"काय? पंपाचा आवाज येतोय."

"काही नाही."

तिने नळी तोंडातून काढली. काटा खाली आला.

मग पुन्हा वर गेला.

खाली आला. पुन्हा वर. संथ, एका लयीत, झोपलेल्या माणसाच्या छातीसारखा.

तिने नळीचं टोक गालाजवळ नेलं. आतून हवा आली. कोमट, ओलसर. मग आत ओढली गेली.

तिने नळी दुमडली आणि मुठीत घट्ट आवळली. का, ते तिला नंतरही सांगता आलं नसतं. हात आपोआप गेला.

काटा एकदम उसळला. थरथरला.

आत ड्रायव्हरची सीट करकरली. नीळकंठरावांनी मान वळवून तिकडे पाहिलं.

काटा तीनवर आला.

तिने मूठ सोडली. नळी गालाला लावून वाट पाहिली. ओठांना लावली. काही नाही. तिने फुंकर मारली, पुन्हा मारली. काटा तेवढ्यापुरता हलला आणि तीनवर येऊन थांबला.

नीळकंठरावांनी चावी बंद केली.

"काय केलंस गं तू?" त्यांनी हळूच विचारलं.

तिने बॉनेट खाली घेतलं. समोरच्या काचेवर, स्टिअरिंगच्या बाजूला, आतून वाफ धरली होती. भर उन्हात ती कडांपासून विरत मधे येत होती.