कुलपाचा दिवस

दिवा मंद केलास तरी चालेल, टेस, पण पडदा ओढू नकोस. या खिडकीतून ते फाटक दिसतं, ते दिसू दे.

मामाला विचारलंस म्हणून सांगतो. सगळीकडं नवी घरं, मधून हिरवळीचा एक पट्टा, आणि त्या पट्ट्यात एकटंच उभं लाकडी फाटक. ना कुंपण, ना भिंत. घर दाखवायला आलेल्या पोरानं काय सांगितलं तुम्हांला?

"जुन्या शेताची आठवण म्हणून ठेवलंय म्हणाला," कॅलम म्हणाला. "आणि टेसला म्हणाला, फोटो छान येतात."

येत असतील. मी कधी काढला नाही.

तुम्ही बसलाय तिथं डेस्मंड गॅथर्कोलचं बार्लीचं शेत होतं. शाळेपासूनची आमची ओळख. हॅल्सबीच्या बाजारचौकात माझं खिळ्याकुलपांचं दुकान होतं, तेव्हाची ही गोष्ट. २०१९ सालच्या जानेवारीची पाच तारीख, शनिवार दुपार. डेस्मंड दुकानात आला आणि म्हणाला, "नॉर्मन, एक कुलूप दे. थंडीत गोठणार नाही असं."

"गेल्या वर्षी नेलंस, त्याचं काय झालं?" मी सवयीनं बोलून गेलो.

"ते नको," तो म्हणाला.

मी दुसरं काढून दिलं.

आता कुलूप कशाला, ते ऐका. आपल्याकडं कायदा असा, की एखाद्याच्या शेतातून लोक वीस वर्षं बिनअडथळा ये-जा करत राहिले, तर ती वाट लोकांची होते. मग तिच्यावर कुणाला घर बांधता येत नाही. म्हणून शेतकरी वर्षातून एक दिवस वाटेवरच्या फाटकाला कुलूप लावतो. एकच दिवस. वाट माझी आहे, मी तुम्हांला येऊ देतो म्हणून तुम्ही येता, एवढं दाखवण्यापुरता. डेस्मंडचा बाप सहा जानेवारीला लावायचा, म्हणून डेस्मंडही सहा जानेवारीला लावायचा. त्यात वैर नव्हतं. रीत होती.

त्या वाटेनं रोज येणारं माणूस एकच. त्याची थोरली बहीण, मिरियम. ती शेतापलीकडं गिरणीजवळच्या घरात राहायची. डेस्मंडनं लग्न केलं नाही, तिनंही नाही. रोज संध्याकाळी ती कडीच्या डब्यात सूप घेऊन वाटेनं यायची. दोघं जेवायचे, पत्त्यांचे दोन डाव टाकायचे, भांडायचे, मग ती टॉर्च घेऊन परत. फाटक जुनं, एका बाजूनं ओघळलेलं. दोन्ही हातांनी उचलून ढकलावं लागायचं. म्हणून ती डबा आधी शेजारच्या खांबाच्या सपाट डोक्यावर ठेवायची, फाटक ढकलायची, आत यायची, मग डबा उचलायची. चाळीस वर्षं. कुलपाच्या दिवशीही डेस्मंड तिच्यापुरतं उघडायचाच.

मग गावाची वाढ ठरली. धान्यबाजाराच्या इमारतीत मोठा नकाशा लागला. नवी शाळा, नवा दवाखाना, आणि आपल्या गावात आहेत त्याहून जास्त घरं. डेस्मंडचं शेत नकाशाच्या बरोबर मध्यभागी. वाट नकाशात नव्हतीच. घरं बांधणाऱ्या कंपनीकडून पेटिट नावाचा सल्लागार यायचा, चकचकीत बूट घालून. मिरियम त्याच्या तोंडावर म्हणाली होती, "पोरा, चिखलाला भिणारा माणूस शेत काय घेणार?"

त्या पेटिटनं डेस्मंडला बजावलं, यंदा कुलूप सगळ्यांना. बहिणीलाही. एकासाठी जरी उघडलंत, तरी उद्या कुणीतरी म्हणेल की फाटक बंद नव्हतंच.

२०१८ च्या सहा जानेवारीला सकाळी डेस्मंडनं तिला फोन केला. "मिम, आज येऊ नकोस. फाटक उघडायचं नाहीये."

"मग जेवशील काय? नकाशा?"

"एक दिवसाचा तर प्रश्न आहे गं."

"डेझी, तू सात वर्षांचा होतास तेव्हाही असाच दार लावून बसायचास. आणि भूक लागली की उघडायचास." असं म्हणून तिनं फोन ठेवला.

त्या रात्री धुकं होतं. जेवणाच्या वेळेला डेस्मंडला फाटकाचा आवाज आला. साखळी खुळखुळली. एकदा. थोड्या वेळानं पुन्हा एकदा. तो खुर्चीतून उठला नाही. त्याला वाटलं, चिडेल, चार शिव्या देईल, आणि जाईल घरी.

ती घरी गेली नाही. सूप पोचवायचंच म्हणून हमरस्त्यानं वळसा घालून त्याच्या घराकडं निघाली. त्या रस्त्याला पदपथ नाही... ट्रकवाल्याला ती दिसलीच नाही.

डबा तिच्याजवळच सापडला. झाकण घट्ट होतं. डेस्मंडनं तो तिच्या शवपेटीत ठेवला, मी स्वतः पाहिलं.

आणि पेटिट काय म्हणाला माहितेय? आधी टोपी काढली. दुःख झाल्याचं बोलला, झालंही असेल. मग म्हणाला, "पोलिसांच्या जबाबातच आलंय की फाटकाला कुलूप होतं. यापेक्षा भक्कम पुरावा आपल्याला मिळणार नाही. वाट कुणाची, याची सुनावणी पुढच्या वर्षी मार्चात आहे. तोपर्यंत फक्त पुढच्या जानेवारीचं कुलूप चुकवू नका."

टेसनं कॅलमचा हात धरला.

मी त्या शनिवारी काउंटरवर डेस्मंडला विचारलं होतं, "अजून लावणार आहेस?" तो म्हणाला, "यंदा नाही लावलं, तर गेल्या वर्षीचं कशासाठी होतं, नॉर्मन?"

पुढचं त्यानंच मला सांगितलं.

रविवार, सहा जानेवारी. आभाळ स्वच्छ, थंडी कडक. सगळ्या शेतावर पांढरं हिम धरलं होतं. अंधार पडायच्या आत त्यानं साखळी घातली, कुलूप लावलं. घरी येऊन टेबलाशी बसला. किल्ली समोर ठेवली. ब्रेड कापला, पण खाल्ला नाही.

जेवणाच्या वेळेला खिडकीबाहेर, शेतापलीकडं, एक उजेड दिसला.

टॉर्चचा. खाली धरलेला. सावकाश पुढं येणारा. उजव्या पायानं जरा लंगडणारं माणूस चालावं, तसा हलत.

मिरियम उजव्या पायानं लंगडायची.

उजेड फाटकाशी आला. थांबला.

साखळी खुळखुळली... एकदा.

डेस्मंड उभा राहिला.

शांतता...

पुन्हा खुळखुळली.

मग उजेड वळला. कुंपणाच्या कडेनं निघाला. हमरस्त्याकडं.

"मिम!" तो ओरडला. किल्ली उचलली, आणि पायांत नुसते मोजे तसाच धावला. "मिम, थांब! उघडतो! आलो मी, उघडतो..."

हात बधिर झालेले. किल्ली भोकात जाईना. नवं कुलूप, मी दिलेलं.

उजेड पुढं जात होता.

किल्ली पडली. हिमात. त्यानं गुडघ्यांवर बसून चाचपली. सापडली. फिरवली. साखळी सुटली. दोन्ही हातांनी फाटक उचलून ढकललं.

"उघडलंय गं! मिम... उघडलंय!"

उजेड थांबला.

मग विझला.

बस्स. पुढं काही नाही. ना आवाज, ना पाऊल. तो तिथंच फाटक धरून बसून राहिला. रात्रभर म्हण हवं तर. उजाडायच्या आधी त्यानं मला फोन केला. एवढंच म्हणाला, "नॉर्मन, येऊन बघ. मी काही हलवलेलं नाही."

मार्चातल्या सुनावणीत तो उभा राहिला. पेटिटनं त्याच्यापुढं कागद सरकवला, तो त्यानं परत सरकवला. म्हणाला, "ही वाट माझ्या बहिणीची होती. आता गावाची. लिहून घ्या." नकाशा पुन्हा काढावा लागला. चौदा घरं कमी झाली. फाटक काढायचं नाही, अशी त्याची एकच अट होती, आणि कुलपाची कडी त्यानं स्वतः करवतीनं कापली. गेल्या शरदात तो गेला.

"पण त्या सकाळी काय बघितलंत तुम्ही?" कॅलमनं विचारलं.

काही नाही. फाटक पांढरं, साखळी पांढरी, खांब पांढरा. फक्त खांबाच्या डोक्यावर एक गोल जागा. कोरडी. हिम नसलेली. मी हात ठेवला. लाकूड... जाऊ दे. डेस्मंडनं तिथं काही ठेवलं नव्हतं, आणि मी त्याला विचारलंही नाही.

कॅलम खिडकीकडं बघत राहिला. बाहेर पुन्हा हिम धरायला लागलं होतं.

टेसनं दोन्ही हात पुढं केले. अंगठ्याला अंगठा, बोटाला बोट लावून हवेत एक गोल केला आणि तो मला दाखवला.

"एवढी, मामा?" ती म्हणाली. "मी आज सकाळी बघितली, म्हणूनच विचारलं."

मी तिच्या हातांकडं बघितलं.

तेवढीच.