मुका झालेला कॉम्प्युटर

"अडीच वाजले!" भोपू ओरडला. "दीडच तास उरला!"

"अरे, हळू! वाचनालय आहे हे!" लंबूने त्याच्या तोंडावर हात दाबला.

पण हळू बोलणं भोपूला जन्मात जमलं नव्हतं. त्याच्या बाबांनी त्याचं हे नाव ठेवलं होतं ते काही उगाच नाही! लंबू आणि चिंगी ही भावंडं सुट्टीत मावशीकडे राहायला आली होती आणि भोपू हा मावशीचा मुलगा. मावशी ग्रंथपाल, त्यामुळे तिघांची सगळी सुट्टी वाचनालयातच चालली होती. दहा दिवस अगदी मजेत गेले. आज सकाळी मात्र मावशीने कॉम्प्युटरचं बटण दाबलं आणि काहीच झालं नाही. ना दिवा, ना आवाज.

मग डॉक्टर आले. माणसांचे नाही, कॉम्प्युटरचे! सगळे त्यांना डॉक्टर म्हणत आणि तेही स्वतःला तसंच समजत. कान आणि खांदा यांच्यामध्ये फोन धरून, कुणाशी तरी गप्पा मारतच त्यांनी कॉम्प्युटरचा डबा उघडला, आत बोटं घालून काहीतरी उपसलं, पुन्हा खुपसलं आणि झाकण लावून टाकलं.

"हार्डडिस्क गेली, बाई. चार वाजता येऊन नवी बसवतो. जुनी मी भंगारात टाकीन."

"अहो, पण त्यात यांच्या गोष्टी आहेत!" मावशीचा आवाज कापला.

"गेल्या त्या. आता विसरा!" म्हणत डॉक्टर स्कूटरवर बसून निघूनही गेले.

'यांच्या' म्हणजे भोपूच्या बाबांच्या. बाबा शाळेत शिक्षक होते. मागच्या वर्षी याच कॉम्प्युटरसमोर बसून त्यांनी मुलांसाठी छत्तीस गोष्टी स्वतःच्या आवाजात भरून ठेवल्या. पुढे त्यांच्या घशाचं ऑपरेशन झालं. जीव वाचला, पण आवाज गेला तो गेलाच. आता ते पाटीवर लिहून बोलत आणि सुट्टीत दुपारी पलीकडच्या वाचनकक्षात वाचत बसत. त्यांचा आवाज जगात फक्त त्या डब्यात उरला होता! "उद्या प्रत काढते, उद्या काढते," असं म्हणता म्हणता मावशीने आठ महिने काढले होते आणि आता ती कपाटाकडे तोंड करून गुपचूप डोळे पुसत होती.

चिंगी मात्र सकाळपासून गप्प होती. ती गप्प बसली की काहीतरी शिजतंय, हे लंबूला अनुभवाने माहीत होतं.

"मला एक सांगा," ती म्हणाली. "हार्डडिस्क बिघडली तर गोष्टी मिळणार नाहीत, मान्य. पण पंख्याला काय झालं? पुढचा दिवा का लागत नाही? आमच्या शाळेत बाईंनी एकदा डिस्क काढून ठेवून कॉम्प्युटर लावून दाखवला होता. तरी दिवा लागला होता, पंखाही फिरला होता!"

"म्हणजे डॉक्टर थापा मारतात?" भोपू गरजला.

"थापा नाहीत रे. त्यांनी नीट बघितलंच नाही! मावशी, आम्ही बघू? चारपर्यंतच!"

मावशीने तिघांकडे एकवार पाहिलं. "बघा. पण आधी वायर काढा, मगच हात घाला. शॉक बसला तर तुमच्या आईला मी काय तोंड दाखवू?"

लंबूने टेबलावरचा दिवा आणून कॉम्प्युटरच्या प्लगात लावला. लख्ख पेटला! म्हणजे प्लगात वीज होती. मग चिंगीने कॉम्प्युटरची वायर काढून स्क्रीनला जोडली. स्क्रीनचा दिवा लागला. वायरही धडधाकट!

"आता डब्यामागचं वीज चालू-बंद करायचं बटण," चिंगी म्हणाली. लंबू टेबलाखाली शिरला. इतक्या उंच मुलाने टेबलाखाली शिरायचं म्हणजे गुडघे कानाला लागणारच!

"इथे चिठ्ठी आहे," तो आतून म्हणाला. "'चालू आहे. हात लावू नये.' अक्षर काय सुरेख आहे! बटणावर चिकटपट्टीपण लावलीय."

"मग ते सोड." चिंगी हिरमुसली.

सव्वातीन झाले. भोपू घड्याळाखाली उभा राहून नखं कुरतडत होता. "माझ्या बाबांचा आवाज भंगारात जाणार," तो म्हणाला, आणि तेही चक्क हळू! ते ऐकताच चिंगी ताडकन उठली.

"लंबू! ती पट्टी काढ!"

"हात लावू नये असं लिहिलंय ना!"

"कुणी लिहिलंय पण?"

मावशीने वाकून चिठ्ठी पाहिली. "हे तर आपल्या बाईंडरकाकांचं अक्षर!"

बाईंडरकाका मागच्या खोलीत जुन्या पोथ्यांची पानं चिकटवत बसले होते. तिघं धापा टाकत त्यांच्यापुढे उभी राहिली.

"काल मीच पुसलं ते मशीन," काका म्हणाले. "फडकं लागून बटण हललं. नीट चालू केलं आणि वर चिठ्ठी लावली. पुन्हा कुणाचा धक्का नको!"

"पण चालू कुठली बाजू, ते कसं ओळखलंत?"

"त्यात काय अवघड? एका बाजूला उभी रेघ, दुसऱ्या बाजूला गोल. उभी रेघ म्हणजे दंड. पोथीत ओळ संपली की दंड येतो. दंड दिसला की थांबायचं! चाळीस वर्षं पोथ्या शिवतोय मी. म्हणून गोलाची बाजू दाबली."

"अहो काका!" चिंगी किंचाळली. "तो दंड नाही, एक आहे एक! आणि गोल म्हणजे शून्य! शून्य म्हणजे बंद!"

काकांच्या हातातला ब्रश खळीच्या वाटीत पडला. मुलं तोवर पळालीसुद्धा होती!

लंबूने पट्टी ओरबाडून बटण उभ्या रेघेकडे दाबलं. चिंगीने पुढचं बटण दाबलं. दिवा लागला! पंखा घरघरला!

"हुर्रे!" भोपूने वाचनालय डोक्यावर घेतलं.

पण स्क्रीन काळाच. आणि डब्यातून आवाज येऊ लागला. बीप... बीप... बीप... थांबायचं नावच नाही!

"गेलं का रे सगळं?" मावशीने विचारलं.

"नाही मावशी! तो कॉम्प्युटर आपलं दुखणं सांगतोय. असा आवाज आला की आधी मेमरीची पट्टी बघायची, असं आमच्या शाळेतल्या बाई म्हणाल्या होत्या. आणि सकाळी डॉक्टरांनी काय उपसलं होतं?"

बाहेर स्कूटर थांबल्याचा आवाज आला. चारला दहा मिनिटं होती!

"भोपू, त्यांना अडव!"

भोपू दारात हात पसरून उभा राहिला. "डॉक्टरकाका, तुम्हाला आत जाता येणार नाही! आधी वहीत नाव लिहा! पत्ता लिहा! चपला काढा!"

"ए पोरा, सरक बाजूला!"

"सही राहिली!"

आत लंबूने वायर उपटली. अंगातली स्थिर वीज निघून जावी म्हणून चिंगीने डब्याच्या पत्र्याला हात लावून घेतला आणि झाकण काढलं. मेमरीची हिरवी पट्टी एका टोकाला खाचेत नीट बसली होती, दुसऱ्या टोकाला मात्र नखभर वर राहिली होती. तिथला पांढरा चाप उघडाच होता! चिंगीने दोन्ही अंगठे ठेवून सरळ खाली दाबलं.

खट्! चाप आपोआप मिटला.

"वायर लाव!" लंबूने ती लावताच चिंगीने पुढचं बटण दाबलं.

डॉक्टर आत आले, त्यांच्यामागे भोपू. "कोणी उघडलं हे? बाई, मुलांना..."

एकच छोटी बीप झाली. मग स्क्रीन उजळला आणि त्यावर एकेक चित्र उमटू लागलं. डॉक्टरांचं वाक्य अर्धंच राहिलं. सकाळी आपण उघडाच ठेवलेला चाप त्यांना आठवला असावा, कारण ते कानापर्यंत लाल झाले.

"चूक माझी," ते म्हणाले. "मी बघितलं असतं तर... शाबास गं पोरी! शाबास तिघांची!"

"आणि माझीही चूक," मागून बाईंडरकाका पुटपुटले.

मावशी कुणाचंच ऐकत नव्हती. तिने गोष्टींची यादी उघडली. छत्तीसच्या छत्तीस! तिने पहिल्या गोष्टीवर माऊस नेऊन बोट दाबलं. तेवढ्यात गलका ऐकून वाचनकक्षातून बाबा पाटी घेऊन आले आणि दारातच थांबले.

आधी खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग एक भरदार, हसरा आवाज म्हणाला, "भोपू, गप्प बस बघू! बाबा गोष्ट सांगतोय ना!"

भोपूचा चेहरा रडवेला झाला. तो धावत जाऊन बाबांच्या कमरेला बिलगला. बाबांनी एका हाताने त्याला धरलं, दुसऱ्या हाताने पाटी गुडघ्यावर टेकवून काहीतरी लिहिलं आणि ती चिंगी-लंबूसमोर धरली. 'मला वाटलं होतं, हा आवाज मी विसरलो. शाबास, माझ्या बाळांनो!'

आता डोळे पुसायला मावशीने कपाटाकडे तोंड केलं नाही. तिने खणातून कोरा पेनड्राइव्ह काढला आणि तिथल्या तिथे प्रत काढायला घेतली.

"आई," भोपू बाबांना न सोडताच म्हणाला, "परत लाव ना. अगदी सुरुवातीपासून."