नमुन्याचा फोटो

हरवलेल्या मुलांचे फोटो शहरभरच्या पडद्यांवर झळकवायचं काम त्याच्याकडे होतं. बसथांबे, स्टेशन, बाजार मिळून बावीस पडदे. पोलिसांकडून फोटो आला की दोन मिनिटांत सगळीकडे दिसायला हवा. माणूस कामाला चोख, पण स्वतःच्या चोखपणावर अंमळ जास्तच खूश.

त्या दुपारी सूचनेचा नवा साचा तपासायचा होता. नमुन्यासाठी एक फोटो हवा होता आणि खरोखर हरवलेल्या मुलाचा वापरायला त्याचं मन धजेना. म्हणून त्याने मोबाइलमधला आपल्या लेकीचा फोटो टाकला. वय सात. 'शेवटची कुठे दिसली' या रकान्यात गंमत म्हणून लिहिलं, 'ओट्यावर चढून खाऊचा डबा शोधताना'. आणि बटण दाबलं. 'फक्त चाचणी' या चौकोनात खूण करायची मात्र राहून गेली.

अकरा सेकंद लेक बावीस पडद्यांवर हसत होती. त्याने घाईघाईने फोटो उतरवला आणि कोणी पाहिलं तर नाही ना, म्हणून दाराकडे नजर टाकली. खोलीत यंत्रांची घरघर होती, तापलेल्या तारांचा वास होता, बाकी कोणी नव्हतं.

तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला; प्रत्येक सूचनेखाली याच फोनचा नंबर असायचा.

"स्टेशनच्या तिकीट खिडकीतून बोलतेय," एक बाई हळू आवाजात म्हणाली. "आत्ता दाखवलीत ना, ती मुलगी सापडली. माझ्याजवळच बसलीय."

"नाही हो मावशी," तो ओशाळून हसला. "ती माझीच मुलगी. फोटो चुकून लागला. ती घरी आहे."

"घरी कशी असेल? डाव्या भुवईवर टाक्यांची खूण आहे हिच्या... तीन टाके."

फोटोत भुवई केसांखाली झाकलेली होती. आणि लेकीला तिथे खरोखरच तीन टाके पडले होते.

"थांबा, तिच्याकडेच देते."

"बाबा..." आवाज तिचाच होता, फक्त रडून रडून बसलेला. "मी किती दिवस थांबलेय इथे. मला पत्ता आठवत नाही रे. तू सांग ना, मावशी आणून सोडतील."

हे खरं नाही, असं तो स्वतःला बजावत होता. पण पोर हुंदके देऊ लागली आणि बापाचं काळीज हललं. घर क्रमांक, गल्ली, मजला, सगळं त्याच्या तोंडून निघून गेलं. पलीकडून फोन ठेवल्याचा आवाज आला.

मग तो भानावर आला. त्याने लगेच घरी फोन लावला.

"अरे, ही काय, माझ्यासमोर चित्रं काढत बसलीय," बायको म्हणाली. "काय झालं?"

"तिच्याकडे दे फोन. आधी दे."

लेकीने फोन घेतला. तो काही बोलायच्या आत तिने अगदी कुजबुजत विचारलं,

"बाबा, तू तिला पत्ता दिलास?"

"हो... पण तुला कसं कळलं?"

"मग आता मी कुठे जाऊ?"